डॉक्टरभाऊंचा मागे घेतलेला पेपर

मूल गावात आमच्या दवाखान्याच्या मागच्या भिंतीला लागूनच एक राइस मिल होती. धान घरी आलं की मिल सकाळी सुरू व्हायची ती दिवस मावळेपर्यंत थांबायची नाही. खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, टेबलावरचा पाण्याचा पेला सरकत सरकत कडेला यायचा. त्या गोंगाटात डॉक्टरभाऊ पेशंटच्या छातीवर स्टेथोस्कोप लावून, डोळे मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून बसलेले असायचे. मग डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "बाई, यायले इथीच बसू द्या. मी मिलले सांगून येतो."

बाई म्हणजे मी. ते स्टेथोस्कोप गळ्यात तसाच लटकवून, पायात चपला सरकवून, वळसा घालून मिलच्या दारात जायचे आणि उजवा हात वर करायचे. मिल थांबायची. सगळा मोहल्ला एकदम शांत व्हायचा आणि लोकांना कळायचं की डॉक्टरभाऊ कुणाचं तरी काळीज ऐकून राह्यले.

मिलमालक सुरुवातीला भांडायला आला होता. डॉक्टरभाऊंनी त्याला खुर्चीत बसवलं, स्टेथोस्कोप त्याच्या कानात घातला आणि दुसरं टोक समोर बसलेल्या एका लहान मुलीच्या छातीवर ठेवलं. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग दबक्या आवाजात म्हणाला, "धडधड तर समजली. हे मदी मदी फुसफुस काय हाय?"

"थेच," डॉक्टरभाऊ म्हणाले. "थेच मले तुमच्या मिलपायी ऐकू येत नाई."

त्या दिवसापासून मिलच्या दारात कुणी ना कुणी आमच्या खिडकीकडे लक्ष ठेवून उभं राहू लागलं.

ती फुसफुस हेच डॉक्टरभाऊंचं आयुष्य होतं. आमच्या तलावाकाठच्या गावांत लेकरांचा घसा दुखायचा, ताप यायचा, सांधे सुजायचे. घरचे म्हणायचे, उतरेल चार दिवसांत. उतरायचाही. पण त्या तापाने हृदयाच्या झडपा आतून खराब व्हायला लागायच्या आणि झडपेतून रक्त नीट जाईनासं झालं की तो जास्तीचा आवाज यायचा. त्यावर उपाय म्हणजे पेनिसिलीनचं इंजेक्शन, दर काही आठवड्यांनी, वर्षानुवर्षं. लोक त्याला नुसतं 'सुई' म्हणायचे. सुई दुखायची फार. ती चुकवायला लेकरं धानाच्या शेतात लपून बसायची.

डॉक्टरभाऊ आरमोरीकडच्या शेतकरी घरातले. नागपूरला शिकले, मग परदेशात, तिथल्या मोठ्या दवाखान्यात नाव कमावलं आणि परत आले. का आले असं विचारलं की म्हणायचे, "तिथी मिल नव्हती, पन ऐकाले बी काई नव्हतं." परदेशात या रोगाचे पेशंट उरले नव्हते, हा त्याचा अर्थ. त्यांच्याकडे दोनच भाषा होत्या. लिहायची ती इंग्रजी, आणि बोलायची ती आमच्या भागातली झाडीबोली. कलेक्टर असो की दिल्लीहून आलेला प्रोफेसर असो, ते "बसा नं भाऊ, काऊन उभे हा?" असंच बोलायचे. डब्यात रोज भात, लाखोळीची डाळ आणि सुकवलेली मासोळी. पाहुण्यांना त्या वासाचं काय वाटतं याचा विचार त्यांनी कधी केला नाही. उलट अर्धी मासोळी त्यांच्यापुढे सरकवायचे.

मी नागभीडची. बी.एस्सी. झाल्यावर कॉम्प्युटर येतो म्हणून त्यांच्याकडे लागले. पेशंटच्या नोंदी ठेवायच्या, हृदयाच्या सोनोग्राफीचं मशीन सांभाळायचं आणि त्यांचे संशोधनाचे पेपर टाइप करायचे, हे माझं काम. लग्न होऊन मी मूललाच राहिले, त्यामुळे हे काम पुढे कितीतरी वर्षं चाललं.

पेशंटचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. बाजारात कुणी नमस्कार केला की ते गोंधळून हसायचे. पण स्टेथोस्कोप लावला की तोंड उजळायचं. "अरे, तू थो पोट्टा नं, आंब्यावरून पडला होतास?" प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो, असं ते सांगायचे आणि एसटीत बसल्या बसल्या मला वेगवेगळ्या झडपांचे आवाज तोंडाने काढून दाखवायचे. पुढच्या सीटवरचे लोक मागे वळून बघायचे.

सोमवारी सकाळी आल्या आल्या त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा. "बाई, बघा बरं, आपल्याले कोन कोन आठवलं?"

एखाद्या संशोधकाचा पेपर दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात आधाराला घेतला की तो त्याच्या नावावर एक उल्लेख म्हणून जमा होतो. जितके उल्लेख जास्त तितकं त्या माणसाचं वजन मोठं. हे सगळं कॉम्प्युटरवर दिसायचं. मी वाचून दाखवायचे, ब्राझीलमधून एक, इथिओपियातून एक, आणि डॉक्टरभाऊ पाहुणे आल्यासारखे खूश व्हायचे. त्यांना याचा अभिमान नव्हता असं मी म्हणणार नाही. चांगलाच होता. पण इतरांसारखे ते नुसते आकड्यावर थांबत नसत. ज्याने उल्लेख केला त्याचा अख्खा पेपर मागवून वाचायचे. "थो आपल्या घरी आला बाई. त्याले पानी तर विचारा लागन."

एकदा एका पेपरात आमच्या पेपराचा पानाचा नंबर चुकीचा छापला होता. पुढे तीच चूक दुसऱ्याच्या पेपरात दिसली, मग तिसऱ्याच्या. डॉक्टरभाऊ दोन दिवस घुश्शात होते. "यायनं वाचलंच नाई. एकानं लिवलं ते दुसऱ्यानं उतरवलं. घरात न येताच मनतात, जेवन छान होतं!"

त्यांची आणखी एक रीत होती. पेपर पाठवायच्या आधी ते तो बाजाराच्या दिवशी व्हरांड्यात बसून लोकांना वाचून दाखवायचे. इंग्रजी कागद हातात, तोंडाने झाडीबोली. भाजीच्या पिशव्या, कोंबड्या, कडेवरची लेकरं घेऊन लोक ऐकत बसायचे. मी म्हटलं, यांना काय समजणार? तर म्हणाले, "त्यायच्या काळजाबद्दल लिवलं हाय. त्यायले नोको का माहीत?"

एकदा एक म्हातारी मधेच बोलली, "सगळं झालं भाऊ, पन यात माहं नाव कुठी हाय?"

"पेशंटचं नाव छापता येत नाई, माय. तसा कायदा हाय."

"मंग तुमचं काऊन छापलं?"

सगळा व्हरांडा हसला. सगळ्यांत जास्त डॉक्टरभाऊ हसले आणि खिशातून रुमाल काढून डोळे पुसत बसले.

त्यांचा सर्वांत गाजलेला पेपर सुईबद्दल होता. ज्या लेकरांच्या झडपांना अगदी थोडीच इजा झाली आहे, त्यांना इतकी वर्षं सुई द्यायची गरज नाही, ती लवकर बंद केली तरी चालते, असा त्याचा निष्कर्ष. आमच्या गावांतल्या मुलामुलींना वर्षानुवर्षं तपासून तो काढलेला होता. तो पेपर छापून आला आणि सोमवारचे पाहुणे मोजेनासे झाले. कुठकुठल्या देशांतले डॉक्टर लिहायचे की लेकरांचा त्रास वाचला. आमच्याकडे तर अभ्यास चालू असतानाच सुई बंद झालेल्या पोरींच्या आया पेढे घेऊन आल्या होत्या. डॉक्टरभाऊंच्या एकूण उल्लेखांतला मोठा वाटा त्या एकाच पेपराचा होता. दिल्लीच्या एका संस्थेने त्यांना मोठा सन्मान द्यायचं ठरवलं आहे, असंही कानावर आलं. त्यांनी नवा टाय घेतला. माझ्याकडून गाठ शिकले आणि रोज विसरले.

याच दिवसांत दुर्गा आली.

तलावात मासे धरणाऱ्या घरातली पोर. डिलिव्हरीसाठी माहेरी आली होती. तिची आई सुमनबाई तिला धरून धरून आणत होती. "पोट्टीले आडवं होता येत नाई, डॉक्टरभाऊ. उशा लावून बसून राह्यते. खोकला तर थांबतच नाई."

दुर्गाला डॉक्टरभाऊंनी ओळखलं नाही. लहानपणापासून पाहिलेली मुलगी, पण आता साडी, डोक्यावर पदर, सुजलेले पाय, ओठ निळसर. त्यांनी स्टेथोस्कोप लावला, डोळे मिटले. मिलवाल्यांनी खिडकीतून बघितलं आणि आपण होऊन मिल थांबवली.

शांततेत त्यांचा आवाज आला. "दुर्गा हायेस का तू?"

"हव."

"तलावाच्या पाळीजवळची?"

"हव, डॉक्टरभाऊ."

एरवी ओळख पटली की ते हसायचे. ते पुन्हा वाकून ऐकू लागले. पुढून, पाठीवरून, कुशीला वळवून. मग नळी कानातून काढली.

"सुई कवा बंद केलीस तू?"

दुर्गा दम घेत घेत म्हणाली, "तुमीच तर केली नं. मायनं पेढे नाई का आनले?"

मी तेव्हा त्यांच्याकडे बघितलं नाही. मशीन जवळ ओढलं. पडद्यावर तिची झडप दिसली. उघडायला पाहिजे तिथे नुसती फट उरली होती. पोटातल्या बाळाला वाढीव रक्त पुरवायचं ओझं त्या फटीवर पडलं होतं.

त्याच दिवशी तिला नागपूरला नेलं. डॉक्टरभाऊ ॲम्ब्युलन्समध्ये तिच्या शेजारी बसून गेले, मी पुढे ड्रायव्हरजवळ. नसेतून फुगा घालून झडप उघडतात, तसं केलं आणि दुर्गा वाचली. पुढे दिवस भरल्यावर तिला मुलगी झाली. पण तो आनंद नंतरचा. नागपूरहून परत येताना डॉक्टरभाऊ खिडकीबाहेर बघत होते. उमरेड गेलं, नागभीड आलं, तेव्हा म्हणाले, "बाई, आपल्या पेपरात दुर्गा नाई."

मला कळेना. दुर्गाची नोंद तर मीच केलेली होती.

"नोंद होती. मंग लगन झालं, गेली. जे गाव सोडून गेले त्यायले आपन बाजूले काढलं. गावातून कोन जाते, बाई? पोट्टा जाते का? पोट्टी जाते."

गाव सोडून गेलेल्यांना हिशेबातून बाजूला ठेवायची पद्धतच असते. पेपर तपासणाऱ्यांपैकीही कुणी त्यावर प्रश्न विचारला नव्हता. मुलं गावातच राहिली, शेतात आणि तलावावर राबली, आम्ही बोलावलं की तपासायला आली. त्यांची हृदयं चांगली होती. पेपर त्यांचा झाला होता. मुली सासरी गेल्या, त्यांना दिवस गेले आणि त्यांच्या काळजाचं काय झालं हे कुणी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पोरी शोधायला निघालो. डॉक्टरभाऊंना गाडी चालवता यायची नाही, म्हणजे त्यांना येते असं वाटायचं, पण त्यांच्या मागे बसायला कुणी तयार नसायचं. मी स्कूटी चालवायचे आणि ते मागे, लहान सोनोग्राफीचं मशीन बाळासारखं छातीशी धरून. आधी माहेरच्या गावात जायचं. अंगणात शिरल्या शिरल्या ते विचारायचे, "माय, पोट्टी कुठी देली?" आणि आया सांगायच्या. कुणी नागभीडकडे, कुणी आरमोरीच्या पलीकडे, कुणी जंगलातल्या रस्त्याने दूर गडचिरोलीकडे. वाघाचे बोर्ड लागले की मी वेग वाढवायचे आणि ते मागून ओरडायचे, "हळू, बाई, मशीन हाय!"

पहिल्याच सासरी अडचण कळली. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. "आमच्या सुनेले काई नाई झालं. तिलेच तपासाले काऊन आले तुमी?"

सुनेच्या काळजाला आजार आहे असं कळलं तर तिला माहेरी धाडतील, ही भीती त्या पोरीच्या डोळ्यांत दिसत होती. ती आमच्याकडे बघायलाही तयार नव्हती. डॉक्टरभाऊंनी क्षणभर विचार केला आणि ओसरीवर बसकण मारली.

"सुनेले कायले? मी तर सगळ्यायले तपासून राह्यलो. पहिले तुमी बसा, आजी."

सासूला तपासलं. सासऱ्याला, दिराला, शेजारणींना, नातवंडांना. प्रत्येकाचं काळीज नीट ऐकलं, प्रत्येकाशी दोन शब्द बोलले. एका लेकराने हट्ट धरला की बकरीचंही बघा. डॉक्टरभाऊंनी बकरीला स्टेथोस्कोप लावला, डोळे मिटले आणि गंभीरपणे सांगितलं, "मजबूत हाय." त्या गर्दीतच सुनेचा नंबर आला. तिच्या झडपेत बिघाड सापडला. तेव्हा त्यांनी सासूला जवळ बसवून अशा रीतीने सांगितलं की जणू हे तिनेच शोधून काढलंय. "बरं झालं, आजी, तुमी आमाले बसू देलं. सून वाचली तुमची."

पुढे प्रत्येक गावात तसंच. एका सुनेसाठी अख्खी आळी तपासायची. दिवसभरात एखादंच घर व्हायचं. मी एकदा थकून म्हटलं, "अशाने किती महिने लागतील?" ते म्हणाले, "लागू द्या नं." त्यांच्या पायांना सूज यायची. संध्याकाळी घरी जाताना ते तोंडाने झडपांचे आवाज काढायचे नाहीत आता.

बऱ्याच पोरी ठीक होत्या. बऱ्याच नव्हत्या. त्यांची सुई पुन्हा सुरू केली, काहींना नागपूरला पाठवलं.

आणि आरमोरीच्या पलीकडच्या एका गावात आमच्या यादीतली प्रमिला नव्हती.

तिचा नवरा अंगणात जाळं विणत बसला होता. पोरगासाच होता. बायकोचं नाव काढल्यावर त्याचे हात थांबले. "गेली ते. पोटात लेकरू होतं. दमा होता मनले. दम लागून लागून गेली."

डॉक्टरभाऊ खाली मातीतच बसले. म्हणाले, "बापू, तो दमा नव्हता. तिच्या काळजाची बिमारी होती. तिची सुई मी बंद केली होती. ते माही चूक झाली."

मला वाटलं तो चिडेल, उठून अंगावर येईल. आला असता तर बरं झालं असतं, असं डॉक्टरभाऊ पुढे एकदा म्हणाले. त्या मुलाने जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "लगनाच्या वक्ती तिच्या बापानं सांगतलं होतं. मनला, लहानपनी बिमारी होती, पन बरी झाली. मोठ्या डॉक्टरनं इंग्रजीत लिवून देलं हाय जगाले, का अशा पोट्ट्या बऱ्या होतात. मनून घरचे हव मनले." पुढे म्हणाला, "नाई तर ते मले भेटलीच नसती."

त्याने आत जाऊन पाणी आणलं. डॉक्टरभाऊंनी पेला दोन्ही हातांत धरला, पण पाणी त्यांच्याने प्यायवलं नाही. आम्ही निघालो तेव्हा तो गावाबाहेर रस्त्यापर्यंत सोबत आला. माझ्या स्कूटीचं मागचं चाक चिखलात रुतलं होतं, ते त्याने ढकलून काढून दिलं.

मूलला पोचल्यावर डॉक्टरभाऊंनी मला मजकूर सांगायला सुरुवात केली. आमचा निष्कर्ष चुकीचा आहे, त्यामुळे रुग्णांना अपाय होत आहे, पेपर मागे घेत आहोत.

ही बातमी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला कळली. त्या पेपरावर त्याचंही नाव होतं आणि आता तो एका शहरातल्या मोठ्या दवाखान्याचा विभागप्रमुख होता. तो गाडी करून मूलला आला. चांगला माणूस होता, डॉक्टरभाऊंवर त्याचा जीव होता. म्हणाला, "सर, दुरुस्ती छापू ना आपण. एक छोटी नोंद. पेपर मागे घेतला की लोक समजतात लबाडी केली. तुमच्या सगळ्या कामावर डाग लागेल. आणि तो सन्मान?"

"दुरुस्ती कोन वाचते, बापा?"

"वाचतात, सर."

"ज्यायनं पेपरच वाचला नाई ते दुरुस्ती वाचतीन? पानाचा नंबर तर पाहून लिवत नाई कोनी." डॉक्टरभाऊंचा आवाज चढला, मग उतरला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "त्यायच्या देशात पोट्ट्यायचं लगन होत नसन का? त्या सासरी जात नसतीन का?"

विद्यार्थी मग त्यांच्यासोबत जेवायला बसला. मासोळीचा वास सहन करत त्यांच्या डब्यातला भात खाल्ला आणि जाताना कागदावर सही करून गेला.

पेपर मागे घेतला गेला. त्या पानावर आता लाल अक्षरांत 'मागे घेतला' अशी आडवी पट्टी दिसू लागली. दिल्लीकडून सन्मानाचं पुढे काही आलं नाही. एका स्थानिक वर्तमानपत्रात छापून आलं की अमुक डॉक्टरचं संशोधन खोटं निघालं. बाजारात कुजबुज झाली. दोनतीन आठवडे दवाखान्यात गर्दी कमी झाली आणि मिल दिवसभर न थांबता चालू राहिली.

मग एका बाजाराच्या दिवशी डॉक्टरभाऊ तो कागद घेऊन व्हरांड्यात येऊन बसले. मी म्हटलं, "हा पण वाचणार?"

"पहिला वाचला होता नं?"

त्यांनी वाचलं. काय सांगितलं होतं, ते कसं चुकलं, कोणाला मोजलं, कोणाला मोजलं नाही. प्रमिलाचं नाव घेतलं नाही, पण एक पोरगी गेली हे सांगितलं. वाचताना मधेच चष्मा काढून ठेवला आणि बाकीचं तोंडीच सांगितलं. कागदाची घडी घालून ते खाली बघत बसले.

मागून सुमनबाईचा आवाज आला. दुर्गाची मुलगी तिच्या मांडीवर होती. "मंग आता सुई घ्याची का नाई, थे सांगा नं."

"घ्याची," डॉक्टरभाऊ म्हणाले. "ज्यायची बंद केली त्या सगळ्यायनं घ्याची."

"मंग काढा नं. बाजार बी कराचा हाय आमाले."

ती उठली आणि सुई बंद झालेल्या धाकट्या नातवाच्या बखोटीला धरून आत आली. तिच्यामागे बाकीच्या. त्या दिवशी आम्हाला जेवायला वेळ मिळाला नाही.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. सोमवारी येऊन म्हणाले, "बाई, बघा, आपल्याले कोन कोन आठवलं." मी बघितलं. मागे घेतलेल्या त्या पेपराचे उल्लेख चालूच होते. लाल पट्टी ओलांडून लोक तोच निष्कर्ष उतरवून घेत होते. डॉक्टरभाऊंनी त्या प्रत्येकाला मेल लिहायला लावली. जुन्या उल्लेखवाल्यांनाही. एकच मजकूर सगळ्यांना पाठवा असं मी सुचवलं, तर ऐकेनात. प्रत्येकाचा पेपर वाचून, त्याच्या कामाबद्दल एखादं चांगलं वाक्य लिहून, मग खाली विनंती: माझं नाव कृपया घेऊ नका, त्या निष्कर्षाने मुलींना धोका आहे. ज्या उल्लेखांसाठी माणसं जन्म घालवतात, ते मिटवायला हा माणूस दिवसेंदिवस माझ्याशेजारी स्टुलावर बसलेला असायचा. पुष्कळांनी उत्तर दिलं नाही. काहींनी आभार मानले. एकाने रागाने लिहिलं की आमचा वेळ घालवू नका. त्याला डॉक्टरभाऊंनी पुन्हा लिहायला लावलं, अधिक नम्रपणे.

सासरी गेलेल्या पोरींबद्दलचा नवा पेपर नंतर छापून आला. एका लहानशा मासिकात आला. त्यात आम्ही मुली कशा शोधल्या, सगळं घर तपासायची युक्ती काय, हे सविस्तर होतं. त्याला कुणी फारसं विचारलं नाही. सोमवारी मी कॉम्प्युटर उघडायचे आणि "आज कोनी नाई" म्हणायचे. ते मान हलवून पेशंट बघायला जायचे.

पुढे त्यांना ऐकू येणं कमी झालं. मिल थांबवल्यावरही त्यांना बारीक आवाज लागेना. एके दिवशी एका मुलीला त्यांनी कितीदा तरी तपासलं, मग नळी दवाखान्यात नव्याने आलेल्या तरुण डॉक्टरांच्या हातात दिली आणि म्हणाले, "तुमी ऐका. मले आता समजून नाई राह्यलं." दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. आरमोरीकडच्या आपल्या गावी भावाच्या घरी राहायला गेले.

मी अधूनमधून जाते. परवा गेले ते मुद्दाम. अंगणात खाटेवर बसले होते. कानातलं यंत्र त्यांना आवडत नाही, काढून खिशात ठेवतात. मी जवळ बसून मोठ्याने सांगितलं, "डॉक्टरभाऊ, पाहुणा आला!"

"कोन आला?"

"नव्या पेपरावर! आफ्रिकेतली एक डॉक्टरीण आहे. तुमचा पेपर वाचून तिने तिच्या गावांतल्या लग्न होऊन गेलेल्या मुली शोधल्या. घरोघर जाऊन. अख्खं घर तपासायचं, मग सून. तसंच केलं तिने. तुमचं नाव घालून छापलंय."

त्यांना अर्धं ऐकू आलं असावं. भुवया वर करून ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मोबाइलवरचा पेपर त्यांच्यापुढे धरला. त्यांनी नाकाजवळ नेऊन बघितला. आपलं नाव कुठे आहे ते मी बोटाने दाखवलं, पण ते तिथे थांबले नाहीत. खाली सरकवत गेले.

"तिले सापडल्या का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"पोट्ट्या! सापडल्या का तिले?"

"सापडल्या!" मी ओरडून सांगितलं. "सुई सुरू केली त्यांची!"

माझा आवाज इतका मोठा झाला की शेजारची बाई कुंपणापाशी धावत आली. "काय झालं वो बाई? कोन सापडल्या?"

डॉक्टरभाऊंनी तिचे शब्द ऐकले की नुसते हातवारे बघितले, कोण जाणे. मोबाइल माझ्याकडे देत ते तिला म्हणाले, "आपल्या पोट्ट्या. लय दूर देल्या होत्या."